कुणाला विचारू, कळत नाही
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : गरोदरपणातील रोजच्या काळज्या

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे गरोदर भगिनींची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. खानापूर असो, निपाणी असो वा बेळगाव शहर, पत्राची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते : "हे कुणाला विचारू, कळत नाही." दवाखान्यात रांग मोठी असते, सिस्टर कन्नडमध्ये भराभर बोलतात, सोबत सासूबाई किंवा दीर उभे असतात आणि मनातली गोष्ट मनातच ठेवून बाई घरी परतते. बेळगावात इतकी वर्षे बाळंतपणे करताना मी हे रोज पाहिले आहे की गरोदरपणात जे बिघडते त्यातले पुष्कळसे वेळेवर बोलल्यास सावरता येते. म्हणून या वेळी सगळी पत्रे याच विषयावरची घेतली आहेत. नावे गाळली आहेत. पत्र वाचून मला कुणाचा रक्तदाब मोजता येत नाही, त्यामुळे जेथे "तपासून घ्या" असे लिहिले आहे तेथे ते औपचारिकता म्हणून लिहिलेले नाही.

प्रश्न : माझे सासर जांबोटीच्या पुढे एका वाडीवर आहे आणि माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे. पहिलेच बाळंतपण असल्यामुळे मी माहेरी यावे असे आईला वाटते. सासूबाई म्हणतात, गरोदरपणाच्या नोंदींचे कार्ड कर्नाटकातले आहे, तिकडे कोण विचारणार? आजी म्हणते, आमची सगळी बाळंतपणे सुईणीने घरातच केली, एवढी धावपळ कशाला? माझी शेवटची पाळी १२ ऑक्टोबरला आली होती. कार्ड कन्नडमध्ये असल्यामुळे मला त्यातले अक्षरही वाचता येत नाही. मी कुठे आणि कधी जावे?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ती तारीख. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. तुमची तारीख १९ जुलै येते. बाळ नेमके त्याच दिवशी येते असे नाही, दोन आठवडे अलीकडे किंवा आठवडाभर पलीकडेही येऊ शकते, त्यामुळे जुलैचा संपूर्ण महिना तुम्हाला तयारीत राहावे लागेल. मला खरी काळजी आहे ती त्या महिन्याची. मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात आणि घाटाला लागून असलेल्या चंदगडच्या भागातही आषाढातला पाऊस कसा कोसळतो हे तुम्ही जाणताच. ओढ्याला पाणी आले की वाडीचा रस्ता तुटतो आणि कळा काही पाणी ओसरण्याची वाट पाहत नाहीत. तेव्हा सासर की माहेर हा वाद घरात चालू असला, तरी आधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे : जुलैमध्ये मध्यरात्री कोणत्या घरातून रुग्णालयात लवकर पोहोचता येईल?

माहेर रस्त्यालगत असेल आणि गाडी दारापर्यंत येत असेल, तर जरूर माहेरी जा. मात्र आठवा महिना लागला की लगेच जा. नववा सरत आल्यावर खड्ड्यांच्या रस्त्याने प्रवास करू नका. निघण्यापूर्वी एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. माहेरीही रस्त्याची अडचण असेल, तर जुलै लागताच खानापुरात किंवा बेळगावात एखाद्या नातेवाइकाकडे राहायला या. दहा-पंधरा दिवस दुसऱ्याच्या घरी राहायला संकोच वाटतो, पण नातेवाईक अशा वेळी नाही म्हणत नाहीत. शिवाय चंदगडच्या बाजूची अवघड बाळंतपणेही पुष्कळदा बेळगावलाच येतात, कारण तेथून कोल्हापूर फार लांब पडते. म्हणजे दोन्ही घरांचा शेवटचा रस्ता बहुधा एकाच शहराकडे जातो, हे सासूबाईंना आणि आईला एकत्र बसवून सांगा.

कार्डाबद्दल सासूबाईंची शंका रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत देणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून साऱ्या देशात आहे, तो एका राज्यापुरता नाही. १०८ ची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत आहे. माहेरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तेथील आशाताईंना भेटा आणि कार्ड, सोनोग्राफीचे कागद व रक्ततपासणीचे अहवाल त्यांना दाखवून नाव नोंदवून घ्या. इकडच्या आशाताईंनाही तुम्ही गेल्याचे कळवा, नाहीतर त्या तुमच्या दारी खेपा घालत राहतील.

आता कार्डावरच्या अक्षरांविषयी. आपल्याकडच्या बायका त्याला "ताई कार्ड" म्हणतात, पण मूळ शब्द "तायी" आहे आणि कन्नडमध्ये त्याचा अर्थ आई. ते कार्ड तुमचे आहे आणि त्यात काय लिहिले आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शेजारच्या शाळकरी मुलाला समोर बसवून चार शब्द ओळखायला शिका : तूक म्हणजे वजन, रक्तदोत्तड म्हणजे रक्तदाब, हेरिगे म्हणजे बाळंतपण आणि नोवु म्हणजे दुखणे. डोके दुखत असेल तर "तलेनोवु" एवढा शब्द उच्चारला तरी सिस्टर थांबून ऐकतील. आकडे तर कोणत्याही भाषेत वाचता येतात. दर भेटीला रक्तदाब, वजन आणि हिमोग्लोबिन एका साध्या वहीत मराठीत उतरवून ठेवा.

राहिला आजींच्या सुईणीचा प्रश्न. आजींच्या काळातल्या सुईणी अनुभवी होत्या आणि त्यांचा मान ठेवूनच मी हे लिहिते. परंतु बाळंतपणातले सर्वांत मोठे संकट बाळ बाहेर आल्यानंतरचे असते. वार पडल्यावर गर्भाशय आवळले गेले नाही, तर रक्त इतके वाहते की धडधाकट बाईसुद्धा एक-दोन तासांत हाताबाहेर जाते, आणि ते कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. गर्भाशय आवळणाऱ्या गोळ्यांचा याबाबतीत जगभर मोलाचा ठरलेला अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत झाला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेतलेल्या १६२० बायकांपैकी ज्यांना प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, त्यांच्यात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून सुमारे साडेसहा टक्क्यांवर आले. त्या गोळ्या गावोगावच्या सिस्टरांनी दिल्या होत्या. म्हणजे मोठे शहरच हवे असे नाही, पण औषध, ते देणारा प्रशिक्षित हात आणि पुढे नेणारी गाडी मात्र हवी. घरच्या खोलीत ती नसते.

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावात राहते. घरी विड्या वळते. लग्नाआधीपासून मला मिशेरी लावायची सवय आहे, सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. आता चौथा महिना आहे. सिस्टरने तंबाखूबद्दल विचारले तेव्हा मी नाही म्हणाले. खोटे बोलल्यापासून झोप लागत नाही. बाळाला काही झाले असेल का?

उत्तर : तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे. आपल्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे आणि तोंडावर मात्र कुणीच आणत नाही. माझ्यासमोर बसलेली बाई बोलताना पदर ओठांवर धरते. हिरड्यांची कड काळपट झालेली असते, उजव्या तर्जनीच्या टोकावरही तोच रंग उतरलेला असतो आणि तरी ती मान हलवून "नाही" म्हणते. तिला ओरडा बसण्याची भीती वाटते. ओरडणाऱ्यांची चूक त्यात अधिक आहे असे मला वाटते, कारण तव्यावर तंबाखू भाजण्याचा वास ज्या घरात लहानपणापासून येत होता, त्या घरातल्या मुलीने ही सवय काही शोधून काढलेली नसते.

मात्र नुकसानीबद्दल मी काही झाकून ठेवणार नाही. मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. धूर नसला तरी निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जाते, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला मिळणारा प्राणवायू व पोषण कमी पडते. अशा मातांची बाळे कमी वजनाची होण्याचा, दिवस भरण्याआधी जन्मण्याचा आणि पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. बाळाचे वजन सर्वाधिक वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांत, आणि तुमचा तर आता चौथाच चालू आहे. म्हणजे आज सोडली तर बाळाच्या वाढीचा मोठा काळ तुमच्या हाती शिल्लक आहे. झाले ते झाले, त्याचा विचार करीत जागू नका.

सोडताना पहिले आठ-दहा दिवस जड जातात. चिडचिड होते, डोके दुखते, लक्ष लागत नाही, आणि तुम्ही लिहिले तसे पोटही अडते. मिशेरीशिवाय पोट साफ न होणे ही सवयीने आतड्याला लागलेली ओढ आहे आणि ती जाते. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी प्या, रात्रीच्या जेवणात पालेभाजी व भाकरी ठेवा, पेरू किंवा भिजवलेले मनुके खा. तरीही त्रास झाला तर डॉक्टरांकडून गरोदरपणात चालणारे औषध घ्या, एरंडेल मात्र घेऊ नका. दात घासायला साधी टूथपेस्ट किंवा बाभळीची काडी वापरा. ज्या वेळी हात डबीकडे जातो ती वेळ ओळखा, बहुधा ती सकाळची आणि दुपारच्या जेवणानंतरची असते, आणि तेवढा वेळ तोंडात बडीशेप ठेवा. डबी घरात ठेवू नका. घरात सासूबाई किंवा जाऊबाई लावत असतील, तर बाळ होईपर्यंत तुमच्यासमोर लावू नका असे त्यांना सांगा. ते तुम्हाला सांगता येत नसेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक मोफत आहे.

विड्यांचे काम सोडा असे एका ओळीत लिहिणे मला सोपे आहे, पण त्या मजुरीवर तुमच्या घरचा किराणा येतो हे मला ठाऊक आहे. शक्य असेल तर बाळंतपण होईपर्यंत हे काम दुसऱ्या कुणाकडे सोपवा. ते जमत नसेल, तर निदान झोपायच्या खोलीत तंबाखूचे सूप घेऊन बसू नका. दाराजवळ, वारा खेळता असेल तेथे बसा, तोंडावर फडका बांधा, मध्येच त्याच हातांनी भाकरी किंवा चहा घेऊ नका आणि उठल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन साडी बदला. तासाभराने उठून चार पावले चालले पाहिजे, कारण मांडी घालून सलग बसल्याने पायांवर सूज येते आणि कंबर धरते. पुढच्या भेटीत सिस्टरना एकटीने गाठून खरे सांगा. त्यांनी ती नोंद केली म्हणजे बाळाच्या वाढीकडे जास्त बारकाईने लक्ष दिले जाईल.

प्रश्न : ग्रहणात चिरले-कापले तर बाळाचा ओठ फाटतो का? पपई खाल्ली तर गर्भ पडतो का? केशर घातलेल्या दुधाने बाळ गोरे होते का? (चिकोडी, हुक्केरी आणि कारवार येथून आलेली तीन पत्रे)

उत्तर : ग्रहणाचा आणि ओठाचा काहीही संबंध नाही. ओठ व टाळू गर्भाच्या पहिल्या अडीच-तीन महिन्यांत जुळतात. ते न जुळण्यामागे आनुवंशिकता, काही औषधे, तंबाखू, फॉलिक ॲसिडची कमतरता अशी कारणे असतात. ग्रहणात उपाशी आणि तहानलेले राहण्यानेच गरोदर बाईला त्रास होतो. कच्च्या पपईचा चीक टाळावा, पूर्ण पिकलेली पपई बेताने खाल्ल्यास अपाय नाही. केशराने दुधाचा रंग बदलतो, बाळाचा नाही, आणि सावळ्या बाळात कमी ते काय असते हे मला आजवर कळलेले नाही. तेवढ्या पैशांत अंडी आणा.

प्रश्न : मी येळ्ळूरची आहे. पाचवा महिना आहे, हिमोग्लोबिन ८.४ आले. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्यांनी मळमळते आणि शौचाला काळे होते, म्हणून मी त्या डब्यात ठेवून दिल्या आहेत. शेजारच्या मावशी म्हणतात, जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल. मी दोन वेळा थोडेच जेवते.

उत्तर : त्या गोळ्या आजच डब्यातून बाहेर काढा. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या वर असायला हवे. सातच्या खाली गेले तर ते गंभीर समजतात. तुमचे ८.४ म्हणजे मध्यम पंडुरोग आहे आणि तो पाचव्या महिन्यात सापडला हे बरे झाले, कारण भरून काढायला वेळ आहे. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला बाळंतपणात जाणारे थोडे रक्तही झेपत नाही.

शौचाला काळे होणे ही लोहाची खूण आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ टाळण्यासाठी गोळी सकाळी उपाशीपोटी न घेता रात्री जेवणानंतर तासाभराने, झोपण्यापूर्वी घेऊन पाहा. अर्धे लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर ती अंगी अधिक लागते. चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका, मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. आपल्याकडे जेवण झाले की लगेच चहा होतो आणि लोहाचे मोठे नुकसान तेथेच होते. एरवी रोज एक गोळी १८० दिवस घ्यायची असते, पण तुमच्या आकड्याला बहुधा रोज दोन लागतील, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जंतांची गोळी तीन महिन्यांनंतर एकदा देतात, ती मिळाली नसेल तर मागून घ्या. महिन्याभराने पुन्हा रक्त तपासा. एवढे करूनही आकडा एकाने तरी वाढला नाही, तर शिरेतून लोह देता येते, त्याला भिऊ नका. गोळ्या अजिबातच सोसत नसतील तर तसे स्पष्ट सांगा. "घेते" म्हणून डब्यात ठेवल्या की डॉक्टर दुसरीच कारणे शोधत बसतात.

मावशींचा समज मी गावोगाव ऐकला आहे. बाळंतपण अडते ते बहुधा ओटीपोटाचे हाड अरुंद असल्यामुळे, बाळ आडवे-तिडवे असल्यामुळे किंवा मधुमेहामुळे. भाकरी अर्धी कमी खाल्ल्याने वाट मोठी होत नाही, उलट बाळ अशक्त जन्मते आणि आईला कळा देण्याचे बळ राहत नाही. दोनदा भरपेट जात नसेल तर पाचदा थोडे थोडे खा. मसुराची आमटी आपल्याकडे घरोघर होते, ती रोज घट्ट करा. हरभऱ्याचा व शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, नाचणीची आंबील, भिजवलेले शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, मासे, मटण असे काहीतरी रोज पोटात जाऊ द्या. आमटीवर लिंबू पिळा. आणखी एक गोष्ट म्हणजे कर्नाटकात २०१७ पासून "मातृपूर्ण" योजनेखाली गरोदर व बाळंतीण बायकांसाठी अंगणवाडीतून भात, आमटी, भाजी, अंडे, दूध असा पूर्ण आहार दिला जातो. अनेक सुना तेथे जाऊन जेवायला लाजतात, घरी खायला नाही की काय असे लोक म्हणतील म्हणून. तो आहार तुमच्या बाळाच्या वाट्याचा आहे. जायला खरेच जमत नसेल, तर घरी नेण्याची काही सोय होईल का ते अंगणवाडीताईंना विचारा.

प्रश्न : साखरेच्या तपासणीसाठी ग्लुकोजचे पाणी प्यायला सांगितले आहे. मला मधुमेह नाही, घरात कुणालाच नाही. करायलाच हवी का? (अनगोळ)

उत्तर : करायलाच हवी. हा मधुमेह गरोदरपणातच उद्भवतो आणि त्याची लक्षणे बहुतेकदा दिसत नाहीत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घेऊन दोन तासांनी साखर पाहतात. ती १४० किंवा त्याहून अधिक आली तर आधी आहार बदलतात, गरज पडल्यास औषध देतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या आसपास करतात. पहिली बरोबर आली म्हणून दुसरी टाळू नका. डोहाळजेवणाला आलेला कुंदा, पेढे आणि लाडू अहवाल येईपर्यंत पाहुण्यांना वाटा.

प्रश्न : मी वडगावची, हातमागावर काम केलेली बाई. सुनेचा मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. आता पुन्हा तिसरा लागला आहे. ती रात्र रात्र जागते, जेवत नाही, मी काही बोलले की रडते. तेव्हा तिने पाण्याची घागर उचलली होती, असे मी एकदा बोलून गेले. माझे चुकले का?

उत्तर : आपण स्वतः पत्र लिहून हे विचारलेत, यातच सुनेविषयीची आपली माया दिसते. घागरीचे वाक्य मात्र परत घ्यावे लागेल, आणि ते आपणच, तिच्याजवळ बसून. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांच्या गुणसूत्रांत मुळातच दोष असतो. तो गर्भ वाढणारच नव्हता. घागर उचलल्याने, जिना चढल्याने किंवा कुणाची दृष्ट लागल्याने असे होत नाही. कळून आलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकी दहा ते पंधरा असे संपतात आणि एकदा असे झालेल्या बहुतेक बायकांना पुढे सुखरूप बाळ होते. आपल्या सुनेने वर्षभर मनातल्या मनात स्वतःला दोषी धरले असणार. ते ओझे डॉक्टरांच्या शब्दापेक्षा सासूच्या शब्दाने लवकर उतरते.

तिला "रडू नकोस, बाळाला त्रास होईल" असे म्हणू नका, कारण त्यामुळे रडण्याचाही अपराध वाटू लागतो. रडू द्या, शेजारी बसा, गेलेल्या गर्भाविषयी तिला बोलावेसे वाटले तर विषय बदलू नका. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले की पुष्कळ बायकांचा जीव खाली पडतो, तेव्हा त्या दिवशी आपण तिच्यासोबत जा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे ती बोलली, तर मात्र तो केवळ हळवेपणा मानू नका. तो आजार आहे आणि गरोदरपणातही त्यावर सुरक्षित उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते, मराठीतही. पोटात कळ येऊन रक्त जाऊ लागले तर अर्थातच वाट न पाहता रुग्णालयात न्या.

प्रश्न : मी सैन्यात आहे, सध्या सीमेवर पोस्टिंग आहे. पत्नी खानापूर तालुक्यात माझ्या आई-वडिलांजवळ आहे, आठवा महिना चालू आहे. रोज फोनवर "बरी आहेस ना" विचारतो, ती "बरी आहे" म्हणते. मला काळजी वाटू नये म्हणून ती काही सांगत नसेल असे वाटते. मी नेमके काय विचारू?

उत्तर : आपल्या भागातल्या कितीतरी घरांत हीच स्थिती आहे, मुलगा पलटणीत आणि सून गावी. "बरी आहेस ना" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर येते, म्हणून नेमके प्रश्न विचारायला हवेत.

रोज पहिला प्रश्न : आज बाळ किती हलले? आठव्या महिन्यात आईला बाळाच्या हालचालींची वेळ आणि ढब ठाऊक झालेली असते. ती नेहमीपेक्षा कमी वाटली, तर जेवून डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष द्यायचे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्रीच, रुग्णालय गाठायचे. काही वर्षांपूर्वी पहाटे साडेपाचच्या सुमारास एक मुलगी माझ्याकडे आली. आदल्या संध्याकाळपासून बाळ जवळजवळ हलले नव्हते. घरचे म्हणत होते, बाळ झोपले असेल, सकाळी बघू. तिला चैन पडेना. गावातून डेअरीचे दूध नेणारा टेम्पो पहाटे निघतो, त्याच्या पुढच्या सीटवर ती आपल्या नणंदेला घेऊन बसली. अंगावर शाल, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी आणि पहिले वाक्य, "मॅडम, उगीच आले असेन तर रागवू नका." यंत्रावर बाळाचे ठोके मंदावलेले दिसले. तासाभरात शस्त्रक्रिया केली. नाळेचा गळ्याभोवती घट्ट विळखा होता. तेव्हा जन्मलेली मुलगी आज शाळेत जाते. उगीच आलेल्या बाईवर मी कधीही रागावणार नाही, हे आपल्या पत्नीला माझ्या वतीने सांगा.

दुसरा प्रश्न : डोके दुखते का, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमका येतात का, बरगडीखाली दुखते का? संध्याकाळी पाय थोडे सुजणे नेहमीचे आहे. पण सकाळी उठल्यावर तोंड आणि हात सुजलेले असतील, बांगड्या घट्ट होत असतील, तर रक्तदाब त्याच दिवशी मोजायला हवा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर घरी थांबायचे नाही. हा रक्तदाब वाढत गेला तर झटके येतात आणि खेड्यात त्याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात मोलाचे तास जातात. झटके रोखणारे इंजेक्शन आहे, ते वेळेत मिळाले पाहिजे. आपल्या आई-वडिलांनाही हे फोनवर एकदा नीट समजावून सांगा, कारण त्या घडीला निर्णय तेच घेणार आहेत.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप येणे, लघवीला जळजळणे ही लक्षणे सासऱ्यांसमोर तिला सांगता येणार नाहीत. म्हणून दिवसातून एकदा तिला एकटीला बोलता येईल अशी वेळ ठरवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती तारीख आपल्या लक्षात राहू द्या आणि आदल्या रात्री तिला आठवण करा.

तयारीचे काम आपण दूर राहूनही करू शकता. गावात ज्याच्याकडे गाडी आहे अशा दोघांशी आजच बोलून ठेवा, कारण एकटा नेमका त्याच दिवशी गोव्याला गेलेला असतो. त्यांचे क्रमांक आणि १०८ मोठ्या अक्षरांत लिहून घरात भिंतीवर लावायला सांगा. तिचा रक्तगट कागदावर आहे का ते पाहा आणि त्याच गटाचे दोन मित्र बेळगावात शोधून ठेवा. पितृत्व रजा पंधरा दिवसांची असते. पुष्कळ जवान ती बाळंतपणाच्या तारखेआधी घेतात, तारीख पुढे सरकते आणि बाळ यायच्या आतच परत जावे लागते. रजेचा अर्ज असा करा की बाळ घरी आल्यानंतरचे पहिले दिवस तुम्ही घरी असाल. त्या दिवसांत आईला टाके दुखत असतात, दूध उतरायला वेळ लागतो, बाळ रात्रभर जागते आणि पहाटे तीनला ते कुणीतरी घेऊन बसले तर तिला दोन तास झोप मिळते.